पगारपत्रकावरचे कादंबरीकार

थोर कादंबरीकारांच्या जयंत्या-पुण्यतिथ्यांना जी भाषणे होतात, त्यांत त्यांच्या आयुष्याचा एक ठरावीक तुकडा हमखास ऐकायला मिळतो: दारिद्र्य, उपेक्षा, एखादा जिव्हारी लागलेला अपमान आणि मग झपाटलेल्या अवस्थेत हातून उतरलेली अजरामर कृती. या मंडळींविषयी माझा आदर कमी नाही. वयाबरोबर तो वाढतच चालला आहे. मात्र मला जे जाणून घ्यावेसे वाटते ते त्या भाषणांत सहसा नसते. हा माणूस सकाळी किती वाजता घराबाहेर पडत होता, कोणत्या कचेरीत किंवा गिरणीत जात होता, महिनाअखेरीस हाती काय पडत होते, रात्री लिहायला बसण्यापुरती जागा घरात होती का आणि त्याच घरात चूल कोण सांभाळत होते, असे माझे प्रश्न असतात. मी स्वतः फोर्टमधल्या एका कचेरीत नोकरी करतो, मुलुंडहून रोज ये-जा करतो आणि माझे बहुतेक कादंबरीवाचन लोकलमध्ये झालेले आहे. तेव्हा या कुतूहलाचे मूळ शोधायला फार लांब जायला नको.

मुंबईत राहून लिहिली गेलेली मराठी कादंबरी प्रामुख्याने नोकरदारांनी लिहिलेली आहे. केवळ लेखणीवर घर चालवणारे कादंबरीकार आपल्याकडे विरळाच. ही गोष्ट आपण हळहळून सांगतो, जणू नोकरी नसती तर त्यांनी याहून मोठे काही लिहिले असते. मला ते पटत नाही. लेखकाला कोणती माणसे जवळून दिसणार, कोणती भाषा रोज कानावर पडणार आणि लिहायला दिवसातला कोणता तास उरणार, हे त्याची नोकरीच ठरवत असते. म्हणून त्याच्या दुःखांच्या यादीपेक्षा त्याच्या नोकरीची हकीकत मला कादंबरीच्या अधिक जवळ नेते.

श्री. ना. पेंडसे हे यातले माझे सर्वांत आवडते उदाहरण. १९१३ साली दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावी जन्म, लहान वयातच मुंबईला प्रयाण आणि पुढे बेस्टमध्ये नोकरी, हा त्यांच्या आयुष्याचा ढाचा कोकणातून आलेल्या असंख्य चाकरमान्यांसारखाच आहे. ऑगस्ट १९४७ मध्ये बेस्ट महापालिकेच्या ताब्यात आली आणि ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची ट्राम धावली. या दोन घटनांच्या दरम्यान पेंडशांच्या ‘एल्गार’, ‘हद्दपार’, ‘गारंबीचा बापू’, ‘हत्या’ आणि ‘रथचक्र’ या कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. दिवसभर हा गृहस्थ बसगाड्या, ट्रामगाड्या आणि वीजपुरवठा यांच्या कारभारात वावरत होता आणि कादंबरीत मात्र हर्णै-दापोलीकडचा कोकणपट्टा, तिथले वाडे, पोफळीच्या बागा, भाऊबंदकी आणि हेकट माणसे उभी करत होता.

‘पोटासाठी मुंबई आणि मनासाठी कोकण’ असे म्हणून या विसंगतीचा सोपा उलगडा करता येईल. पण पेंडशांच्या कादंबऱ्यांत गावाविषयीचा तो हळवेपणा नाही. त्यांचे कोकण क्रूर आहे. तिथे माणसाला जात, घराणे आणि गावाची नजर यांच्या कचाट्यात धरून पिळले जाते. गणपतीला किंवा शिमग्याला चार दिवस गावी जाऊन परतणाऱ्या माणसाला गाव गोड वाटतो आणि तिथेच जन्म काढणाऱ्याला तो इतका अंगवळणी पडलेला असतो की वेगळा दिसतच नाही. पेंडसे या दोघांच्या मधल्या जागेवर होते. ‘रथचक्र’ची नायिका आठवून पाहावी. संपूर्ण कादंबरीत तिला नाव नाही, ती केवळ ‘ती’ आहे. एकत्र कुटुंबाच्या रगाड्यातून बाहेर पडून मुलांच्या शिक्षणासाठी ती एकटीने संसाराचे चाक ओढते आणि शेवटी त्याच चाकाखाली जाते. गाव सोडल्याशिवाय पोरांचे भले नाही, ही गोष्ट कोकणातल्या प्रत्येक घराने कधी ना कधी स्वतःला सांगितलेली आहे. मुंबईची निम्मी मराठी वस्ती त्याच वाक्यावर उभी राहिली. ते वाक्य उच्चारायला त्या बाईला काय किंमत पडली असेल, हे लिहायला मुंबईत पोहोचलेला आणि पोटापाण्याला लागलेला लेखकच हवा होता, असे मला वाटते. या कादंबरीला १९६३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती.

पेंडशांनी मुंबईविषयी लिहिलेच नाही, असेही नाही. ‘लव्हाळी’ ही एका सामान्य मुंबईकराची रोजनिशी आहे आणि तिची जेवढी चर्चा व्हायला हवी तेवढी झालेली नाही. पण त्याहून मला मौज वाटते ती ‘बेस्ट उपक्रमाची कथा’ या पुस्तकाची. ज्या संस्थेत नोकरी केली तिचा इतिहास त्यांनी लिहिला: घोड्यांची ट्राम, १९०७ साली आलेली विजेची ट्राम, १५ जुलै १९२६ रोजी सुरू झालेली पहिली मोटारबस आणि पुढचा सारा विस्तार. त्यांच्या वाङ्मयाची चर्चा करताना या पुस्तकाला कोणी हात लावत नाही. ‘तुंबाडचे खोत’सारखी, खोतांच्या चार पिढ्यांची जगबुडी नदीकाठची हकीकत सांगणारी दोन खंडांची कादंबरी १९८७ साली, वयाच्या सत्तरीनंतर प्रसिद्ध करणारा लेखक एखादी संस्था पिढ्यान्‌पिढ्या कशी चालते, कारभार एका हातातून दुसऱ्या हातात कसा जातो, याचा विचार आधी कुठे करत होता, असे कोणी विचारले, तर मी त्याला कुलाब्याच्या बेस्ट भवनाचा पत्ता देईन. पुरावा म्हणून हे न्यायालयात टिकणार नाही. वाचक म्हणून मला ते पुरेसे आहे.

नोकरीतले लेखन आणि कादंबरी एकमेकांना अशी लागून असल्याचा आणखी प्रसिद्ध दाखला म्हणजे फ्रान्झ काफ्का. प्राग शहरात कामगारांच्या अपघात विम्याचे काम पाहणाऱ्या संस्थेत तो १९०८ पासून १९२२ पर्यंत नोकरीला होता. सकाळी आठ ते दुपारी दोन अशी कचेरी, मग झोप आणि रात्री लेखन, असा त्याचा क्रम होता. ‘न्यायनिवाडा’ ही कथा त्याने सप्टेंबर १९१२ मधल्या एका रात्रीत सलग बसून लिहिली, हे सर्वत्र सांगितले जाते. त्याच काफ्काने लाकूड रंधणाऱ्या यंत्रांमुळे कामगारांची बोटे कशी तुटतात आणि यंत्राच्या दांड्याचा आकार बदलला तर ती कशी वाचतील, हे आकृत्या देऊन समजावणारा कचेरीचा अहवालही लिहिलेला आहे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. मला तो अहवाल त्या रात्रीइतकाच महत्त्वाचा वाटतो. मोठी यंत्रणा एका माणसाच्या शरीरावर आपली नोंद कशी करते, हे तो दिवसा शासकीय भाषेत लिहीत होता.

अँथनी ट्रोलोप हा इंग्रज कादंबरीकार तर नोकरदार लेखकांचा कुलपुरुषच म्हणायला हवा. १८३४ ते १८६७ इतकी वर्षे तो टपाल खात्यात होता, रस्त्यावरची टपालपेटी ब्रिटनच्या टपालव्यवस्थेत आणण्यातही त्याचा हात होता आणि या सगळ्याच्या बरोबरीने त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या. पहाटे साडेपाचला तो लिहायला बसे. वेळेवर उठवून कॉफी आणून देण्यासाठी घरच्या जुन्या नोकराला वर्षाला पाच पौंड जादा देई. समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द, हा त्याचा दंडक होता. खात्याच्या कामासाठी सतत आगगाडीने फिरावे लागे, म्हणून मांडीवर ठेवायची फळी करून घेऊन तो डब्यातच पेन्सिलीने लिहीत असे. (मुलुंड ते सीएसएमटी या प्रवासात मांडीवर फळी ठेवायची कल्पना कोणी करू नये, मांडीवर बऱ्याचदा दुसऱ्याची पिशवी असते.) हे सारे त्याने आत्मचरित्रात निःसंकोच लिहून ठेवले, शिवाय प्रत्येक पुस्तकाने किती पैसे मिळवून दिले त्याचा तक्ताही जोडला, बेरीज सुमारे ६९ हजार पौंडांची आहे. मृत्यूनंतर, १८८३ साली, ते प्रसिद्ध झाले आणि प्रतिभेचा असा रोजमेळ मांडलेला पाहून अनेकांना त्याच्याविषयी वाटणारा आदर ओसरला. मराठीत असा तक्ता कोणी छापलेला माझ्या वाचनात नाही. छापला असता तर बेरीज पाहून आदर ओसरण्याऐवजी कणव वाटली असती.

मुंबईच्या ज्या लेखकांना नोकरीने थेट विषयच दिला, त्यांत भाऊ पाध्ये पहिले. अर्थशास्त्राची पदवी, मग कामगार संघटनेचे पूर्णवेळ काम, शाळेतली मास्तरकी, गिरणीतली आणि आयुर्विम्यातली अल्पकाळची नोकरी, शेवटी वृत्तपत्रे, अशी त्यांची वाट होती. एवढे धंदे फिरलेल्या माणसाच्या कानावर मुंबईची जी बोली पडली, ती त्यांनी ‘वासूनाका’मध्ये जशीच्या तशी उतरवली. १९६५ साली हे पुस्तक आले आणि आचार्य अत्र्यांनी त्यावर सडकून टीका केली. नाक्यावर उभी राहणारी पोरे काय बोलतात हे अत्र्यांसारख्या मुंबईकराला ठाऊक नव्हते, असे म्हणणे धाडसाचे होईल. ते छापील मराठीत आले याचाच राग होता. जयवंत दळवी अमेरिकी सरकारच्या माहिती खात्याच्या मुंबईतल्या कचेरीत काम करत होते आणि १९६३ च्या ‘चक्र’मध्ये झोपडपट्टीतले जगणे लिहीत होते, त्यातून उरलेल्या वेळात ‘ललित’ मासिकात ठणठणपाळ या टोपणनावाने समस्त साहित्यिकांची टिंगल करत होते, हे वेगळेच. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ यांत मंत्रालय, संप आणि बातमी यांचे जे जाळे आहे, ते पत्रकाराच्या रोजच्या पायपिटीवाचून विणता आले नसते.

अण्णा भाऊ साठे यांच्यापाशी मात्र माझ्या या मांडणीला थांबून विचार करावा लागतो. १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावला जन्म, शाळा अवघी दीड दिवसाची, कोवळ्या वयात वडिलांबरोबर पायी मुंबईचा प्रवास, कोळसे वेचण्यापासून गिरणीतल्या कामापर्यंत मिळेल ती मजुरी, माटुंग्याच्या लेबर कॅम्पातली घडण, १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह उभे केलेले लाल बावटा कलापथक आणि घाटकोपरच्या चिरागनगरमधल्या झोपडीत केलेले लेखन. ‘फकिरा’ १९५९ साली प्रसिद्ध झाली, ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीस अर्पण केली आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. तिसांहून अधिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या, ज्यांच्या कथानकांवर चित्रपट निघाले अशा या लेखकाचा १८ जुलै १९६९ रोजी, पन्नाशीही न गाठता, गोरेगावात हलाखीत मृत्यू झाला.

या आयुष्याविषयी बोलताना ‘दारिद्र्याने त्यांना लेखक केले’ असे वाक्य सर्रास वापरले जाते आणि ते ऐकताना माझा संयम सुटतो. दारिद्र्य मुंबईत लाखोंच्या वाट्याला आले. त्याने कोणाला लेखक केले नाही. अण्णा भाऊंना घडवले ते तमाशाच्या फडाने, वारणेच्या खोऱ्यात ऐकलेल्या बंडखोरांच्या कथांनी, गिरणगावातल्या सभांनी, कम्युनिस्ट पक्षाच्या अभ्यासवर्गांनी आणि स्वतः शिकलेल्या अक्षरांनी. दारिद्र्याने फक्त त्यांची वर्षे कापली. ‘फकिरा’तली वाक्ये पाहावीत: आखूड, ठोक, मोठ्याने वाचली तर डफावर बसतील अशी. चार हजार माणसांच्या मैदानात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवण्याची ज्याला सवय आहे, त्या शाहिराचा हा गद्यघाट आहे. कलापथक ही त्यांची खरी नोकरी होती, फक्त तिला पगार नव्हता. चिरागनगरच्या गल्ल्यांतून फिरताना माझ्या मनात त्या झोपडीपेक्षा हाच विचार अधिक घोळत होता की, अखंड पुस्तके लिहूनही त्या लिहिण्याच्या बळावर एक साधे पक्के घर वेळेवर होऊ शकले नाही, याचा जाब प्रकाशनाच्या, पुरस्कारांच्या आणि चित्रपटांच्या व्यवहाराला विचारायला हवा. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला, याचा आनंद आहेच.

मुंबईच्या पगाराने कोणाचे भागले आणि कोणाला गुदमरायला झाले, याचा हिशेब करताना प्रेमचंदांना वगळता येणार नाही. शिक्षण खात्यातली सरकारी नोकरी त्यांनी १९२१ साली असहकाराच्या चळवळीत सोडली होती. पुढे मासिक आणि छापखाना चालवताना कर्ज झाले, तेव्हा १९३४ साली ते अजिंठा सिनेटोन या कंपनीच्या बोलावण्यावरून वर्षाला आठ हजार रुपयांच्या कराराने मुंबईत आले आणि दादरला राहिले. गिरणीकामगारांवरचा त्यांनी लिहिलेला ‘मजदूर’ हा चित्रपट मुंबईच्या सेन्सॉरमध्ये अडकला. ज्या शहरात गिरण्या होत्या तिथेच तो दाखवायला अडचण होती, यात नवल नाही. वर्ष पुरे होण्याआधीच ते बनारसला परतले, १९३६ साली ‘गोदान’ प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला ते गेले. ‘गोदान’मधल्या होरी महतोची सारी शोकांतिका कर्जाच्या व्याजात अडकलेली आहे आणि तिचा लेखक त्या काळात स्वतःचे कर्ज फेडायला दादरमध्ये येऊन राहिला होता. दादरच्या पुलावरून जाताना हे आठवले की मला त्या गर्दीचा थोडा अभिमानही वाटतो.

नोकरी दरवेळी निर्दोष अनुभव देते असे नाही. कधी ती लेखकाला गुन्ह्यात भागीदार करते आणि त्यातून जे लिहिले जाते त्याची धार वेगळी असते. बंगाली कादंबरीकार विभूतिभूषण बंद्योपाध्याय भागलपूरकडच्या एका जमीनदारी इस्टेटीच्या व्यवस्थापनात होते. ‘आरण्यक’चा निवेदकही तेच काम करतो: जंगलाच्या जमिनीचे तुकडे पाडून कुळांना द्यायचे. अरण्याचे इतके तल्लीन वर्णन करणारा माणूसच ते अरण्य संपवत असतो आणि हे त्याला पानोपानी ठाऊक असते. आपल्याकडे मालतीबाई बेडेकर, म्हणजेच विभावरी शिरूरकर, यांनी सोलापूरला तथाकथित गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत अधिकारी म्हणून काम केले. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले होते आणि ती माणसे तारेच्या कुंपणाआड हजेरी देत जगत होती. मालतीबाई त्या कुंपणाच्या सरकारी बाजूला होत्या. १९५० साली आलेली ‘बळी’ ही कादंबरी त्या अनुभवातून उतरली. ‘कळ्यांचे निःश्वास’मुळे १९३३ साली झालेल्या वादळाची आणि टोपणनावामागच्या लेखिकेच्या शोधाची हकीकत पुन्हा पुन्हा सांगितली जाते, ‘बळी’ मात्र मागे पडते. माझ्या मते ती त्यांची सर्वांत मोठी कादंबरी आहे, कारण तिच्यात सुधारकाच्या भल्या हेतूंवरही त्यांनी नजर रोखलेली आहे.

मालतीबाईंचे नाव निघाल्यावर घरातल्या कामाचा प्रश्न टाळता येत नाही. ट्रोलोप आगगाडीत पेन्सिलीने जे लिही, त्याची शाईची प्रत त्याची बायको रोझ करत असे. तेरा बाळंतपणे झालेल्या सोफिया टॉलस्टॉयने ‘युद्ध आणि शांती’ची हस्तलिखिते पुन्हा पुन्हा उतरवून काढली. १८६६ साली प्रकाशकाच्या जाचक करारातून सुटण्यासाठी दस्तयेव्हस्कीने ‘जुगारी’ ही कादंबरी २६ दिवसांत पुरी केली, असे कौतुकाने सांगतात. ती लघुलिपीत उतरवून घेऊन रात्री जागून सुवाच्य लिहिणारी आना ही विशीतली मुलगी होती आणि पुढच्या वर्षी ती त्याची पत्नी झाली. ही बिनपगारी नोकरी कोणत्याही पगारपत्रकावर नाही.

या बाबतीत मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो प्रेमचंदांच्या पत्नी शिवरानीदेवींचा. त्या स्वतः कथा लिहीत, १९३० च्या चळवळीत तुरुंगात जाऊन आल्या होत्या आणि १९४४ साली त्यांनी ‘प्रेमचंद घर में’ हे पुस्तक लिहिले. प्रेमचंदांचे मोठे, साक्षेपी चरित्र त्यांचे पुत्र अमृतराय यांनी लिहिले. ‘कलम का सिपाही’ या त्या ग्रंथाला, ज्या वर्षी मराठीसाठी ‘रथचक्र’ला मिळाला त्याच वर्षी, हिंदीसाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मुलाच्या ग्रंथात युग आहे, चळवळ आहे, वाङ्मयीन वाद आहेत आणि ते सारे आवश्यकच आहे. आईच्या पुस्तकात पोटाच्या दुखण्याने बेजार असलेला, छापखान्याच्या देण्यांची काळजी करणारा, बायकोशी वाद घालणारा आणि पुष्कळदा त्या वादात हरणारा माणूस आहे. दोहोंपैकी एकच जवळ ठेवायची वेळ आली, तर मी शिवरानीदेवींचे ठेवीन.